चित्तिरैचं बाळ

रंजनीची सोनोग्राफी दहा मिनिटांत उरकायची आणि माझी पाऊण तास चालायची. मी आत पडून छताकडे बघायची, डॉक्टर ते यंत्र पोटावर पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरवायच्या, आणि बाहेर रंजनी नारळपाणी पीत माझी वाट बघत बसलेली असायची. मला तिचा राग यायचा. तिने काही केलेलं नसायचं, म्हणून जास्तच यायचा.

रंजनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, कार्तिकची बायको. मी सुनेत्रा, मूळची कराडची. पेरुंगुडीच्या ऑफिसात वेंकटशी ओळख झाली, लग्न झालं आणि मी वेलचेरीच्या या घरात आले. घर तंजावरच्या मराठी लोकांचं. त्यांची मराठी पहिल्यांदा फोनवर ऐकली तेव्हा माझी आई म्हणाली होती, "अगं, हे मराठी बोलतायत की तमिळ?" रंजनी त्यांच्यातलीच, मूळची कुंभकोणमकडची. ती सासूबाईंच्या भाषेत बोलते, त्यांच्या हातासारखं सांबार करते, आणि सकाळी दारात तिने काढलेली कोलमची रांगोळी बघायला शेजारणी थांबतात. मी सहा वर्षं कोलम काढतेय, अजून माझे ठिपके एका रेषेत येत नाहीत.

आणि तिचं ते पाऊल! ती लग्न होऊन आली त्या वर्षी सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, कार्तिकला बढती मिळाली, आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरा फ्लॅट झाला. सासूबाईंनी हे सगळं श्रेय रंजनीच्या पावलाला देऊन टाकलं. सासूबाई त्रिपुरसुंदरी, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमची रंजनी आली, घरास बरकत आली." मी आले त्या वर्षी वेलचेरीत पाणी भरलं होतं आणि खाली उभी केलेली सासऱ्यांची गाडी बुडाली. त्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. पण विसरलंही कोणी नाही.

तरी गोड बातमी आधी मी दिली होती. किती वर्षांनी मला घरात मान मिळाला! अम्मांनी माझ्यासाठी वेगळी लोणच्याची बरणी काढली, सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. दोन आठवडे मी काय ते मिरवून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात रंजनीने मान खाली घालून, लाजत लाजत सांगितलं की तिलाही दिवस गेलेत. टीव्हीचा आवाज आता दोघींसाठी कमी झाला आणि बरणी वरच्या मजल्यावर रंजनीकडे गेली.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत माझ्या नाळेची भानगड निघाली. डॉक्टर हेमावतींनी मला आणि वेंकटला समोर बसवून, कागदावर एक गोल काढून समजावून सांगितलं. नाळ वारेच्या मध्यात रुजलेली असते. माझी नाळ वारेपर्यंत पोचलीच नव्हती, आधीच पिशवीच्या पडद्यात शिरली होती. तिथून पुढे तिच्या रक्तवाहिन्या पडद्यावरून उघड्याच गेल्या होत्या, आणि त्यातली एक नेमकी गर्भाशयाच्या तोंडावर आडवी पडली होती.

"आत्ता बाळाला काहीही त्रास नाही," त्या म्हणाल्या. "पण कळा सुरू होऊन पिशवी फुटली, तर ही वाहिनीही फुटेल. आणि जाईल ते रक्त बाळाचं असेल. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? पेलाभर."

"मग?" वेंकटने विचारलं.

"मग कळा येऊच द्यायच्या नाहीत. त्याच्या आत ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं. आधी कळलं की ही बाळं वाचतात. तुमचं कळलंय, ही मोठी गोष्ट आहे."

मी विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, काही नाही, हे कोणाच्या चुकीने होत नाही. मला ते पटलं, पण घरी अम्मांना पटेना. "दोरी ओलांडली असशील," त्या म्हणाल्या. "गच्चीत कपडे वाळत घालताना हात वर केले असशील." मी गेले तीन महिने गच्चीत गेलेच नव्हते. गच्चीत रोज जायची ती रंजनी, आणि दोन दोन बादल्या कपडे वाळत घालून यायची. तिची तपासणी त्याच आठवड्यात झाली. येऊन अम्मांना सांगत होती, "माझी नाळ अगदी मधोमध आहे म्हणे." मी आतल्या खोलीत पडून ऐकलं. हिचं मेलं सगळं मधोमधच असतं.

तेव्हापासून माझं चालणं, वाकणं, उचलणं बंद झालं. प्रवास बंद, म्हणजे कराडला माहेरी जाणंही बंद. ऑफिसचं काम मी पलंगावर लॅपटॉप ठेवून करायची आणि मधूनच हात पोटावर ठेवून बाळ हलतंय ना ते बघायची. हललं नाही की घाम फुटायचा. हललं की वाटायचं, नको रे बाळा एवढं हलूस, ती शीर जपून. बाळाशी मी भांडत नव्हते, पण त्या एका शिरेपायी माझी झोप पार उडाली होती. दर खेपेला वाटायचं, या वेळी डॉक्टर म्हणतील की गर्भाशय वाढताना शीर बाजूला सरकली. कोणाकोणाची सरकते म्हणे. माझी जागची हलली नाही.

माझी सगळी उठाबस करायला कोण? रंजनी. स्वतःचं पोट सांभाळत जिना उतरून यायची, माझ्यापुढे ताट ठेवायला वाकायची आणि वाकताना हूं की चूं करायची नाही. एकदा तरी तिने कण्हावं, कंबर धरावी, म्हणावं की वैनी, माझंही दुखतंय. कधी नाही. वर विचारायची, "वैनी, अजून थोडा रसम घालू?" मी घाल म्हणायची आणि मनात चरफडायची.

पण खरी आग मला तिच्या आईची व्हायची. वसंतामामी चार गल्ल्या सोडून राहतात. दर संध्याकाळी शेअर ऑटोने यायच्या, लेकीच्या केसांना तेल लावायच्या, तिचे पाय मांडीवर घेऊन दाबायच्या. माझ्यासाठीही लेह्याचं औषधी चाटण घेऊन यायच्या, माझ्याही डोक्यावरून हात फिरवायच्या, असं नाही की भेदभाव केला. पण हात फिरवून झाला की त्या रंजनीपाशी जाऊन बसायच्या, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून काही न बोलताच हसायच्या. माझी आई रोज फोन करायची. दोन मिनिटं माझी चौकशी, मग भावाच्या पोरांची शाळा, वहिनीचा स्वभाव, गुडघे. "येते गं तुझ्या बाळंतपणाला," म्हणायची, "इकडचं उरकलं की." तिकडचं कधीच उरकत नव्हतं.

आठवा महिना लागल्यावर डॉक्टरांनी मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. कळा आल्याच तर मिनिटांत ऑपरेशनच्या खोलीत नेता यावं म्हणून. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं आणि मी आत, पोटाला पट्टे बांधून, बाळाच्या ठोक्यांचा आवाज ऐकत पडून होते. एक दिवस डॉक्टर हेमावती आल्या आणि म्हणाल्या, "गर्भाशयाचं तोंड आखूड व्हायला लागलंय. मशीनवर बारीक कळाही दिसतायत. फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन झालीत. आता शुक्रवारी बाळ काढू."

अम्मा तिथेच होत्या. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो! शुक्रवारी अजून चित्तिरै असती."

मला कळलं नाही, मग वेंकटने सांगितलं. चित्तिरै हा तमिळ पंचांगाचा पहिला महिना, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. घरातलं पहिलं मूल या महिन्यात जन्मलं की घराला उतरती कळा लागते आणि बापावर संकट येतं, असं इकडे मानतात. म्हणून तर पावसाळ्यातल्या आडी महिन्यात नव्या सुनेला माहेरी धाडून देतात, पुढच्या चित्तिरैत पाळणा हलू नये यासाठी. आमच्या हिशेबाने बाळ जूनमध्ये यायचं होतं, सगळं व्यवस्थित होतं. नाळेने घोळ घातला.

"एकच आठवडा थांबा," अम्मा डॉक्टरांच्या हाता-पाया पडल्या. "चित्तिरै संपून वैकाशी लागली की त्याच दिवशी काढा."

डॉक्टर म्हणाल्या की त्यांच्या मते थांबणं योग्य नाही, पण शेवटचा शब्द माझा आणि वेंकटचा. त्या गेल्यावर अम्मा रडल्या. खोटं नाही, खरंच रडल्या. त्यांच्या नवऱ्याची छाती एकदा फाडून झाली होती, आता मुलावर काही येऊ नये म्हणून त्या रडत होत्या. वेंकट त्यांच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पंख्याकडे. "तुला काय वाटतं?" त्याने मला विचारलं. घरातला सगळ्यात हुशार इंजिनियर, आणि बायकोला विचारतो, तुला काय वाटतं.

मला काय वाटत होतं ते मी त्याला सांगितलं नाही. माझा चित्तिरैवर काडीचा विश्वास नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढे दोन मुलं दिसत होती, एका घरात वाढणारी. एक रंजनीचं, जून-जुलैतल्या आनी महिन्यात, अगदी मुहूर्तावर आलेलं, शुभ पावलाच्या आईचं. आणि एक माझं. वेंकटला साधा ताप आला तरी अम्मा माझ्या बाळाकडे बघणार. कोणाची नोकरी गेली, कुठे पाणी भरलं, काच फुटली, तरी माझंच. मी चार वर्षं या घरात दुसरा नंबर खाल्ला होता. माझ्या बाळाला जन्मतःच तो देणं मला सोसेना.

आईला फोन केला. मनात होतं की ती ओरडेल, म्हणेल, मूर्ख आहेस का, डॉक्टर सांगतात तेच कर. आई म्हणाली, "आठवड्याचाच प्रश्न आहे ना? त्यांच्या घरात आयुष्य काढायचंय तुला. मोठ्या माणसांचं मन मोडू नये, सुनेत्रा."

मग मी वेंकटला सांगितलं, थांबू या.

संध्याकाळी रंजनी डबा घेऊन आली. तिला खालीच वेंकटने सांगितलं होतं. एरवी ती डबा उघडून चमचा पुसून हातात द्यायची, आज डबा तसाच खुर्चीवर ठेवला.

"वैनी, तुम्हास वेड लागलं का?"

रंजनी माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. मला तेच हवं होतं बहुतेक, कारण मी एकदम भडकले.

"तुला बोलायला काय जातं? तुझं बाळ आनीत येणार. मधोमध नाळ, मधोमध महिना! तुझं पाऊल शुभ, तुझा हात शुभ, तुझी आई चार गल्ल्यांवर. माझ्या मुलाला जन्मभर चित्तिरैचं म्हणतील, ते ऐकायला तू असशील, पण ते तुझं नसेल."

"अन् शीर फुटली म्हणजे?"

"नाही फुटणार. आठवडाभरात काही होत नाही."

"डाक्टर असं म्हणाल्या?"

मी डब्याकडे बघितलं. रंजनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं की कशाचं, कळलं नाही. "म्हणजे माझ्यापायी थांबता," ती एवढंच म्हणाली. मग डबा उघडला, चमचा पुसला, माझ्या हातात दिला आणि गेली. मी दोन घास खाल्ले आणि बाकीचं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा आणि वेंकट डॉक्टरांना निर्णय सांगायला येऊन बसले होते. इतक्यात रंजनी आली. जिना चढून धाप लागली होती. तिने दार लावून घेतलं आणि अम्मांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अम्मा, तुम्हास एक गोष्ट सांगायची राहिली. लग्नात सांगायास पाहिजे होती."

"आता काय की?"

"माझा जन्म वैकाशीत नव्हे, चित्तिरैत झाला. शेवटच्या आठवड्यात. घरच्यांनी तारीख पुढं सरकवून लिहवली आणि पत्रिका त्या तारखेची केली."

खोलीत माझ्या बाळाचे ठोके तेवढे ऐकू येत होते. अम्मा आधी हसल्या. "काही तरी बोलू नको. वैनीस बरं वाटावं म्हणून बोलती का?"

रंजनीने फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन अम्मांच्या पुढे धरला. पलीकडून वसंतामामींनी "काय गं कण्णा?" म्हणेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "आई, अम्मास अस्कं, सगळं सांगितलं मी. माझा जन्म चित्तिरैतला, तुम्ही तारीख बदलली ते. अम्मा समोर आहेत. आता लपवू नकोस, खरं सांग."

पलीकडे कुकरची शिटी वाजली. शिटी संपली तरी मामी बोलल्या नाहीत. अम्मा फोनकडे टक लावून बघत होत्या.

"होय," मामी म्हणाल्या. "खरं आहे. पोरीचं लग्न होणार नाही या भ्यानं केलं. आमच्या हातून तुमचा अपराध झाला, मन्नी. क्षमा करा."

अम्मांनी हाताने फोन बाजूला सारला. जुळवलेल्या गुणांची, नवग्रहांना घातलेल्या अभिषेकांची, गावभर सांगितलेल्या त्या पावलाची त्यांच्या डोळ्यांदेखत माती झाली होती. रंजनी मात्र थांबली नाही.

"चार वर्षं तुम्ही म्हणता, रंजनी आली, घरास बरकत आली. ते पाऊल चित्तिरैचंच होतं, अम्मा. मामंजी वाचले का नाही? फ्लॅट झाला का नाही? मग त्या बाळानं काय वाईट केलं?"

अम्मा उठल्या, पिशवी उचलली आणि रंजनीकडे न बघता बाहेर निघून गेल्या. वेंकट त्यांच्यामागे गेला. रंजनी खुर्चीवर बसली आणि पदराने कपाळ पुसलं. मी तिला काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर हेमावती आत आल्या, मशीनमधून निघालेली पट्टी हातात धरून बघितली आणि म्हणाल्या, "रात्रीपासून कळा वाढल्यात. काय ठरलं?"

"शुक्रवारी," मी म्हणाले.

"शुक्रवारची वाट बघायला नको. आत्ताच घेऊ या."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. चाकांचा पलंग, हिरवे कपडे, पाठीत दिलेली सुई, आणि मग एक बारीक, चिडका आवाज. मुलगी. वजनाने कमी, पण रडायला पक्की. तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. डॉक्टर हेमावती माझ्या डोक्याशी येऊन वाकल्या. "ती शीर बरोबर दाराशीच होती," त्या म्हणाल्या. "पिशवी फुटली असती तर मला खालच्या मजल्यावरून वर यायलाही वेळ मिळाला नसता." मी मोठ्याने रडले. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, रडू नका, टाके घालायचेत.

अम्मा दुसऱ्या दिवशी आल्या. काचेपलीकडून नातीला बघितलं, नखं बघितली, नाक सासऱ्यांवर गेलंय म्हणाल्या. महिन्याचा विषय त्यांनी काढला नाही. काढणार कुठल्या तोंडाने? रंजनीशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. तिच्या हातची कॉफी घेईनाशा झाल्या. नातेवाइकांना फोन करून सांगायच्या, "चार वर्षं फसवलं हो आम्हास, मायलेकींनी मिळून." वरच्या फ्लॅटमध्ये त्या जाईनात आणि वसंतामामींना घरात पाऊल ठेवायची बंदी झाली. मला येऊन सगळं सांगायच्या, माझ्या पलंगावर बसून, माझा हात हातात घेऊन. खोटं कशाला बोलू, पहिला दिवस मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कोणी माझ्याजवळ बसून रंजनीबद्दल वाईट बोललं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीला पेटीतून काढून माझ्याजवळ दिलं. त्या दुपारी अम्मा घरी गेलेल्या बघून वसंतामामी आल्या. दारातूनच आत डोकावल्या, कोणी नाही बघून मगच आल्या. मुलीला मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडून बघितली. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

मला राहवेना. "मामी, इतकी वर्षं जपलेली गोष्ट माझ्यापायी उघडी पडली. तुम्हाला केवढं ऐकून घ्यावं लागतंय."

"कुठली गोष्ट गं?"

"रंजनीच्या जन्माची. चित्तिरैची."

मामींनी दाराकडे बघितलं. मग मान हलवून हळूच हसल्या. "रंजनीनं बजावलंय, वैनीस सांगू नको. पण तू बाळंतीण, तुज खोटं कशास सांगू? रंजनी वैकाशीतलीच, वैकाशी चार. तारीख बरोबर, पत्रिका बरोबर, अस्कं बरोबर."

मला क्षणभर समजलंच नाही. "मग फोनवर तुम्ही..."

"तिनं विचारलं."

"म्हणजे तुमचं आधी ठरलं होतं?"

"कुठलं ठरणार? मी सांबारची डाळ लावली होती. तिचा फोन आला. माझी पोर मजकडं खोटं मागत होती, तेही सासूसमोर. जन्मात कधी मागितलं नाही तिनं. मग म्हटलं, उगाच मागणार नाही. दिलं."

असं त्या सांगत होत्या, जशी काही लेकीने वाटीभर साखर मागितली होती. मी उठून बसायला गेले, टाके ओढले गेले. "मामी, आपण अम्मांना खरं सांगू या. आजच सांगू. तुमचं येणं-जाणं तुटलंय, रंजनीला आता नववा महिना लागेल, तिला तुम्ही नको का?"

"सांग की," मामी म्हणाल्या. "मग तुझी पोर घरात एकटी चित्तिरैची राहील. आता दोघी आहेत."

त्यांनी मुलीला माझ्या कुशीत ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. या वेळी त्या दुसऱ्या कोणाजवळ जाऊन बसणार नव्हत्या. खाली रस्त्यावर शेअर ऑटोला हात करून, लेकीच्या दारावरून पुढे, स्वतःच्या घरी जाणार होत्या.

मी पडून राहिले. मला आयुष्यात इतका हेवा कोणाचा वाटला नव्हता. त्या पावलाचा नाही, कोलमाचा नाही, मधोमध नाळेचा तर नाहीच. असा फोन मी माझ्या आईला केला असता तर तिने आधी विचारलं असतं, का गं, काय झालं, लोक काय म्हणतील? आणि तोपर्यंत वेळ निघून गेली असती. रंजनीने फोन लावताना एकदाही विचार केला नसेल की आई नाही म्हणाली तर. अशी खात्री मला कोणाचीच नव्हती, नवऱ्याचीही नाही. मला इतकं वाईट वाटलं की मुलीला दूध पाजताना हुंदका आवरेना. ती पिणं थांबवून, डोळे मिटूनच, माझ्याकडे तोंड करून राहिली. ही कधी फोन करील तेव्हा मी काय म्हणेन, कोणास ठाऊक.

संध्याकाळी अम्मा आल्या. खाली वॉचमनने सांगितलं असणार, कारण येताच विचारलं, "वसंता आली होती म्हणे. काय म्हणत होती?"

मी विचार केला नाही. "माफी मागत होत्या," मी म्हणाले. "चूक झाली म्हणत होत्या. पत्रिका बदलली त्याची."

"मागू दे. मागायासच पाहिजे." अम्मा माझ्याजवळ टेकल्या. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, अगदी जशा रंजनीचे सारायच्या तसे. "तू तेवढी खरी निघालीस हो. एवढी वर्षं मज ओळखास आली नाही. आता तूच या घराची सून."

सहा वर्षं मला हेच ऐकायचं होतं.

"होय, अम्मा," मी म्हणाले, आणि मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं.